घरीच उपचार, पण घराला आधार कुणाचा?

आपल्या भागात "याला आता ठाण्याला न्यायला हवे" असे कुणी म्हटले की त्याचा एकच अर्थ होतो. ठाणे आणि मुलुंड या दोन स्टेशनांच्या मध्ये असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेव्हापासून ते आपल्या बोलण्यात येऊन बसले आहे, थट्टेतही आणि भीतीतही. घरात कुणाचे मन बिघडले की लोकांना दोनच वाटा दिसतात. एक ठाण्याची, आणि दुसरी मागच्या खोलीच्या बंद दाराची. तिसरी वाट आहे, ती कायद्याने मान्य केलेली आहे आणि तिच्यासाठी सरकारची काही मदतही आहे, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. रुग्णाला घरी ठेवून, त्याच्या माणसांत ठेवून उपचार करणे ही ती वाट. आज तिच्याविषयी बोलू.

मी मनोविकारतज्ज्ञ नाही. अंबरनाथ पूर्वेला आनंदनगरच्या बाजूला माझा साधा दवाखाना आहे. ताप, खोकला, मधुमेह, कारखान्यात बोट चेमटलेला कामगार असे रुग्ण मी पाहतो. पण मनाचा आजारही पहिल्यांदा माझ्यासारख्याच डॉक्टरच्या दारात येतो. "झोप लागत नाही", "जेवत नाही", "एकटाच बडबडतो" अशा तक्रारी घेऊन येतो. म्हणून हा विषय मला माझाही वाटतो.

आधी थोडा हिशेब

बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात असे दिसले की प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. त्यांतल्या वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. स्किझोफ्रेनियासारखे तीव्र आजार त्या वेळी असलेल्यांचे प्रमाण ०.८ टक्के होते. ०.८ हा आकडा लहान दिसतो. तो आपल्या गावांना लावून पाहू.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. तिन्ही मिळून नऊ लाखांहून अधिक. आज ती नक्कीच वाढली आहे. तरी जुनाच आकडा घेऊ आणि त्यांत प्रौढ सहा लाख धरू. हजारी आठ म्हणजे ४८०० माणसे. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. ठाण्याच्या मनोरुग्णालयाची खाटांची संख्या अनेक वर्षे १८५० अशी नोंदलेली आहे. राज्यातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चारही मनोरुग्णालयांच्या खाटा मिळून ५६९५ होतात. म्हणजे आपल्या तीन गावांतल्या तीव्र आजाराच्या रुग्णांनाच ठाणे पुरणार नाही. मग हे सगळे रुग्ण आहेत कुठे? ते घरीच आहेत. त्यांची आई, बायको किंवा भाऊ त्यांना सांभाळत आहे. रुग्णाला घरी ठेवावे की नाही हा प्रश्न परिस्थितीने आधीच सोडवलेला आहे. खरा प्रश्न आहे तो घरच्या उपचाराला आधार मिळतो की नाही हा.

घरी उपचार म्हणजे काय?

घरी उपचार म्हणजे रुग्णाला घरी डांबून ठेवणे नव्हे. तज्ज्ञाने रोगाचे निदान करायचे आणि औषध ठरवायचे. रुग्णाने घरी राहून ते नियमाने घ्यायचे. प्रशिक्षण घेतलेल्या एखाद्या माणसाने अधूनमधून घरी येऊन विचारपूस करायची. औषध घेतले का, त्रास काय होतो, झोप कशी आहे, घरच्यांना काय जड जाते हे पाहायचे. आणि रुग्णाला हळूहळू कामात, माणसांत आणायचे. एवढ्या चार गोष्टी मिळून घरचा उपचार होतो. यांतली एक जरी निसटली तरी बाकीच्या डगमगू लागतात.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहायला दिले. घरची माणसे जवळ असली की रुग्ण लवकर सावरतो आणि घरच्यांनाही आजार समजतो, असा त्यांचा अनुभव होता. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निमहान्समध्ये एक प्रयोग झाला. स्किझोफ्रेनियाचे ५४ रुग्ण घेतले. सगळे रुग्णालयात दाखल करावेत अशा अवस्थेतले होते. निम्म्यांना दाखल केले, निम्म्यांना घरी ठेवून परिचारिका त्यांच्या घरी जात राहिली. घरी राहिलेल्यांची प्रकृती अधिक सुधारली आणि खर्चही कमी आला.

अलीकडचे उदाहरण घ्या. गोवा, महाराष्ट्र आणि तमिळनाडू येथे मिळून २८२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना नुसता दवाखान्याचा उपचार दिला. बाकीच्यांकडे त्याच्या जोडीला गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते वर्षभर घरी जात राहिले. ज्यांच्या घरी कार्यकर्ता जात होता त्यांची लक्षणे आणि परावलंबन दोन्ही थोडी जास्त कमी झाली आणि औषधे अधिक नियमित घेतली गेली. मी 'थोडी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. हा जादूचा उपाय नाही. पण ज्या आजारात गोळ्या सुटल्या की माणूस पुन्हा खाली घसरतो, तिथे गोळ्या चालू राहणे हीच मोठी कमाई असते.

अमरावती जिल्ह्यातील तीस गावांतही असेच काम झाले. तिथे विषय नैराश्याचा होता. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

परदेशात बेल्जियममधील गेल या गावी तर शतकानुशतके सामान्य कुटुंबे परक्या मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेतात. आज तिथले सरकार त्यासाठी कुटुंबाला पैसे देते आणि गावात तज्ज्ञांची यंत्रणा ठेवते. परक्याला सांभाळणाऱ्या घरालाही आधार लागतो, तर स्वतःच्या मुलाला सांभाळणाऱ्या आईला तो का लागू नये?

एका घरातला अनुभव

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. आनंदनगर औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे पॅकिंगचे काम करणारा एक चोवीस वर्षांचा मुलगा. वडील नाहीत. आई चार घरी पोळ्या करते. मुलगा रात्र रात्र जागू लागला. शेजारचे लोक भिंतीआडून माझ्याविषयी बोलतात म्हणू लागला. आईला वाटले कुणी करणी केली. सहा महिने आणि साठवलेले पैसे त्यात गेले. मग ती दवाखान्यात आली. मी चिठ्ठी देऊन त्याला सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले. स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत मुलगा बराच सावरला. सावरला म्हणून गोळ्या बंद केल्या. पावसाळा संपायच्या आत सगळे पहिल्यासारखे झाले.

या खेपेस त्याने गोळ्या घ्यायलाच नकार दिला. आई कामाला जाताना बाहेरून कडी लावू लागली. ती दुष्ट नव्हती. कामावर गेली नाही तर चूल पेटणार नव्हती. मग कुणाच्या सांगण्यावरून ती गोळी कुटून चहात घालू लागली. एके दिवशी त्याला चव कळली. त्याच्या आजारातच संशय भरलेला, त्याला आता पुरावा मिळाला. त्याने आईच्या हातचे खाणे सोडले.

वाट पुन्हा सापडली ती दोन गोष्टींमुळे. एक, तज्ज्ञांनी त्याच्याशी मोकळे बोलून रोजच्या गोळीऐवजी महिन्याचे इंजेक्शन सुरू केले. त्याने ते स्वतः कबूल केले. आणि दुसरी म्हणजे त्या वस्तीतल्या आशाताई. त्या खरे तर लसीकरणाच्या कामाला येत. पण येता-जाता दाराशी थांबून "काय रे, तारीख कधीची आहे?" एवढे विचारू लागल्या. आईलाही कुणीतरी विचारणारे मिळाले. आज तो मुलगा अर्धा दिवस एका दुकानात काम करतो. पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. पण त्या दाराची कडी आता आतून लागते.

कायदा काय सांगतो?

१९१२ च्या कायद्याच्या नावातच 'वेड' होते. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा १९९३ मध्ये लागू झाला. त्याचा भर रुग्णालये आणि दाखल करणे यांवर होता. या दोहोंपेक्षा वेगळा असा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातील तीन कलमे आपल्या कामाची आहेत.

कलम १८ म्हणते की सरकार चालवते किंवा ज्यांना पैसा पुरवते अशा ठिकाणी मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्या सेवांत बाह्यरुग्ण विभाग आणि दाखल करण्याची सोय आहेच. पण त्याबरोबर रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आणि घरी राहून पुनर्वसन हेही स्पष्ट लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना आणि निराधारांना उपचार मोफत आहेत.

कलम १९ म्हणते की मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. हा नुसता कागदी प्रश्न नाही. बरे झालेले रुग्ण वर्षानुवर्षे मनोरुग्णालयातच राहतात, ही गोष्ट मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे नेली होती.

कलम ९५ प्रमाणे मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण पळू न शकल्याने गेले. बाहेरून कडी लावताना प्रत्येकाने ही घटना आठवावी. आग विचारून येत नाही.

सरकारी मदत कुठे आणि कशी मिळते?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम : राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात केलेल्या कामाच्या धर्तीवर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा कार्यक्रम निघाला. आता तो देशातील सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका असे पथक असते. केंद्राकडून एका जिल्ह्याला वर्षाला ८३ लाख २० हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. आपण काय करायचे? उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे केसपेपर काढायचा आणि सरळ विचारायचे, "मनोविकाराची तपासणी कोणत्या वारी असते? जिल्हा पथक इथे कधी येते? गोळ्या इथून मिळतील का?" उत्तर वहीत लिहून ठेवायचे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांतही मानसिक आरोग्याचा समावेश आहे, तेव्हा वस्तीतल्या केंद्रात आणि आशाताईंकडेही विचारावे.

टेलि-मानस : १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही फोनसेवा मोफत आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. रुग्णानेच फोन करावा असे नाही. त्याला सांभाळून थकलेल्या माणसानेही करावा.

कामगार विमा : आनंदनगर, मोरिवली आणि बदलापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी हे नीट वाचावे. राज्य विमा योजनेत दीर्घ मुदतीच्या आजारांची एक यादी आहे. तीत स्किझोफ्रेनियासारखे तीव्र मनोविकार येतात. दोन वर्षे सलग विम्याखाली नोकरी झालेली असेल आणि वर्गणीच्या दिवसांची अट पूर्ण होत असेल, तर अशा आजारात पगाराच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. कंत्राटी कामगारही योजनेत येतो. वर सांगितलेल्या मुलाच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते, पण आपले कार्ड कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. आपले कार्ड आणि विमा क्रमांक आजच शोधून ठेवा. आजारी पडल्यावर राजीनामा देऊ नका, आधी विमा दवाखान्यात जा.

दिव्यांग प्रमाणपत्र : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम या चार बाबी पाहून, शिवाय आजार किती काळचा आहे हे धरून टक्केवारी काढतात. ४० टक्के किंवा त्याहून अधिक आली की लाभ मिळतात. 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि सरकारी रुग्णालयात तपासणी होते. प्रमाणपत्र मुदतीचे असू शकते, तेव्हा तारीख पाहून ठेवावी. हे प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्नाची अट पूर्ण होत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. दिव्यांगांसाठी हे अनुदान २०२५ मध्ये दरमहा १५०० वरून २५०० रुपये करण्यात आले. "प्रमाणपत्र काढले तर पोराला वेड्याचा शिक्का बसेल" असे पुष्कळ आया म्हणतात. भीती खरी आहे. पण तो कागद आपल्या पेटीत राहतो, चौकात लावायचा नसतो.

कुटुंब निवृत्तिवेतन : अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेली अनेक कुटुंबे आपल्याकडे आहेत. सरकारी नोकराच्या ज्या मुलाला मनाच्या आजारामुळे कमावता येत नाही, त्याला आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि उत्पन्नाची अट असते. आईवडील हयात असतानाच हे नाव नोंदवून घेणे शहाणपणाचे. "आमच्यामागे याचे कसे होणार?" या प्रश्नाचे थोडे तरी उत्तर त्यात आहे.

वैद्यकीय विमा : शारीरिक आजारांसाठी ज्या अटींवर विमा मिळतो त्याच अटींवर मानसिक आजारांसाठीही दिला पाहिजे, असे २०१७ च्या कायद्याचे कलम २१ सांगते. कंपनीने दावा नाकारला तर लेखी कारण मागा.

घरच्यांनी काय पाळावे?

पहिली गोष्ट, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. बरे वाटते ते गोळ्यांमुळे. सुस्ती, हात थरथरणे, वजन वाढणे असा त्रास होत असेल तर तो तज्ज्ञांना सांगा. औषध बदलता येते.

दुसरी, चोरून औषध देऊ नका. नकार असेल तर तज्ज्ञांना सांगून महिन्याच्या इंजेक्शनविषयी विचारा.

तिसरी, एक वही ठेवा. झोप किती, जेवण कसे, औषध घेतले का, पुढची तारीख. झोप कमी होणे, पुटपुटणे, संशय वाढणे, अंघोळ टाळणे ही आजार परतत असल्याची चाहूल असते. प्रत्येक रुग्णाची चाहूल ठरलेली असते आणि ती घरच्यांनाच आधी कळते.

चौथी, त्याच्याशी वाद घालू नका आणि सतत टोचून बोलू नका. "आवाज येत नाहीत, तू खोटे बोलतोस" म्हणून उपयोग नाही. "तुला ऐकू येते, मला येत नाही. पण तुला त्रास होतो हे दिसते" असे म्हणावे. रोज एक लहान काम द्यावे. पाणी भरणे, भाजी निवडणे, दूध आणणे. काम झाले की तसे बोलून दाखवावे.

पाचवी, देवाला जायचे तर जरूर जा. मी कुणाची श्रद्धा मोडायला सांगत नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात सरकारच्या पाठबळाने 'दवा आणि दुवा' असा उपक्रम चालला आणि तिथे प्रार्थनेला आलेल्यांना औषधही मिळू लागले. मात्र मारझोड, उपास किंवा औषध बंद करणे कुणी सांगत असेल तर तिथून उठून या.

सहावी, सांभाळणाऱ्याने स्वतःची झोप आणि स्वतःचे औषधपाणी पाहावे. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कुणी रुग्णापाशी बसावे. मामा, आत्या, शेजारी, कुणीही.

काही वेळा मात्र घरी थांबू नये. रुग्ण जीव द्यायची भाषा करीत असेल, दुसऱ्याला इजा करील असे वाटत असेल, खाणेपिणे सोडले असेल तर त्याला रुग्णालयात न्यावेच. काही आठवडे दाखल होणे म्हणजे घरच्या उपचाराचा पराभव नव्हे. परत घरीच यायचे असते. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर ११२ वर कळवावे. अशा व्यक्तीला संरक्षण देऊन तपासणीसाठी नेणे हे कायद्याने पोलिसांचे काम आहे. आपल्याच रेल्वेमार्गावर कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने असे असंख्य रुग्ण बरे करून देशभरच्या त्यांच्या घरी पोहोचवले. त्या कामासाठी २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण घरी पोहोचल्यावरही औषध चालूच ठेवावे लागते, आणि तिथे पुन्हा गावच्या आरोग्य केंद्राचाच प्रश्न येतो.

उणे कुठे आहे?

वर सांगितलेल्या सोयींकडे पाहिले तर एक लक्षात येईल. बहुतेक ठिकाणी रुग्णाने किंवा त्याच्या आईने उठून जायचे आहे. रुग्णालयात जा, तहसीलला जा, मंडळापुढे उभे राहा. दोघांची एका दिवसाची मजुरी बुडते आणि संशयाने घेरलेल्या मुलाला गर्दीच्या लोकलमध्ये चढवणे म्हणजे काय, हे त्या आईलाच विचारा. कायद्यात घरच्या पुनर्वसनाची सेवा लिहिली आहे, पण घराचे दार ठोठावणारे माणूस अजून आपल्या बहुतेक वस्त्यांत नाही. जिल्ह्याला एक पथक, आणि रुग्णांची संख्या आपण वर पाहिलीच. त्या पथकाने घरोघर जावे ही अपेक्षाच चुकीची ठरेल. त्यासाठी वस्तीतली माणसे हवीत. त्यांना प्रशिक्षण हवे आणि कामाचा वेगळा मोबदलाही हवा. आशाताईंच्या डोक्यावर आधीच पुष्कळ कामे आहेत. त्यांच्या भल्या स्वभावावर एखादे घर सावरते, पण सगळी योजना तशी चालवता येत नाही.

म्हणून आपण मागायचे काय, ते नेमके ठरवू. तिन्ही शहरांत ठरलेल्या वारी मनोविकाराची तपासणी आणि तिथेच गोळ्या. दर काही वस्त्यांमागे घरी जाणारी एक प्रशिक्षित परिचारिका किंवा कार्यकर्ती. दिवसा रुग्णांना बसता येईल, काही काम शिकता येईल अशी एक जागा. पालिकांची समाजमंदिरे दुपारी रिकामीच असतात. प्रमाणपत्रासाठी तपासणी शिबिर गावातच. या चार गोष्टींचा अर्ज महिला मंडळ, कामगार संघटना, गणेशोत्सव मंडळ कुणीही आपल्या नगरसेवकाकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे देऊ शकते. कलम १८ चा आधार देऊन लिहावे. कायद्यात असलेली गोष्ट आपण मागत आहोत, उपकार मागत नाही.

रुग्ण घरी असेल तर त्याच्या घराला एकटे पाडू नये, एवढेच आजच्या लेखाचे सांगणे आहे. शेजारच्या बंद दाराआड कुणी असेल तर हा लेख त्या घरी वाचून दाखवा. १४४१६ हा क्रमांक कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवा.